ॐ आणि अटेंडन्स

योग हा धर्म आहे की व्यायाम? आपल्या कॉलेजमध्ये या प्रश्नाचं उत्तर वार बघून मिळतं. एरवी सकाळी सहाच्या योगवर्गात कुणी शंका काढली तर सांगतात, "हे शुद्ध विज्ञान आहे, याचा धर्माशी काही संबंध नाही." आणि २१ जूनला, त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवरून पाहुणे सांगतात की योग ही आपल्या धर्माने जगाला दिलेली देणगी आहे. टाळ्या दोन्ही वेळा पडतात! मित्रांनो, एकाच बीममध्ये टेन्शन आणि कॉम्प्रेशन दोन्ही असू शकतं, मान्य. पण एकाच फायबरमध्ये एकाच वेळी नसतं, हे एस.ओ.एम.ला बॅक राहिलेल्या माणसालाही ठाऊक असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटच्या पानापर्यंत कुणाला वाट बघायला नको. योगाची मुळं श्रद्धेत आहेत आणि ते लपवायचं काही कारण नाही. पण ज्याची मुळं श्रद्धेत आहेत त्याची हजेरी घेता येत नाही. आपल्याकडे सध्या नेमकं उलटं चाललंय. मुळं लपवतात आणि हजेरी घेतात.

हा लेख योगाच्या विरोधात नाही, हेही सांगायला हवं, कारण रूमवर चर्चा करताना लगेच तसा शिक्का बसतो. मी वालचंदनगरची. बाबा कारखान्यात फॅब्रिकेशनला. आयुष्यभर वाकून काम केल्यामुळे त्यांची कंबर गेली होती. कॉलनीतल्या एका रिटायर्ड काकांनी त्यांना मकरासन आणि भुजंगासन शिकवलं. कंबर ठणठणीत बरी झाली असं मी म्हणणार नाही, पण फर्स्ट शिफ्टला जाताना बाबा स्वतः खाली वाकून बूट बांधायला लागले. आमच्या घरात ती मोठी गोष्ट होती. आठवीपासून मीही त्यांच्या शेजारी सतरंजी टाकते. तिथे हजेरीचं रजिस्टर नव्हतं. ज्याला जाग येईल तो येई.

आता हॉस्टेलचं बघा. योगवर्गाला पंचाहत्तर टक्के हजेरी हवी. नाही भरली तर मेसच्या बाहेर नावांची लिस्ट लागते आणि "टर्मवर्कच्या वेळी बघू" असं हळूच ऐकवलं जातं. वर्गाची सुरुवात तीन वेळा ॐ म्हणून, मग पतंजलींची प्रार्थना, मग मंत्रांसह बारा सूर्यनमस्कार, मग आसनं.

माझी रूममेट श्रीरामपूरकडची, मराठी कॅथलिक. सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाते, मोदक माझ्यापेक्षा छान करते. पश्चिमोत्तानासनात तिचं कपाळ गुडघ्याला टेकतं, माझं अजून वीतभर वर असतं. ती रोज वर्गाला येते. फक्त ॐच्या वेळी गप्प बसते आणि सूर्यनमस्कारांची नावं सुरू झाली की बाजूला उभी राहते. एवढ्यावरून तिला सगळ्यांसमोर विचारलं गेलं, "ॐ म्हणजे नुसतं व्हायब्रेशन आहे, त्यात धर्म कुठून आला? मन मोठं करा." त्या दिवशी तिची ॲबसेंट लागली. रात्री रूमवर ती मला म्हणाली, "अगं, नुसतं व्हायब्रेशनच हवं असेल तर मी तोंड मिटून 'हम्म्' करते ना. चालेल का?"

दुसऱ्या दिवशी तिने खरंच तसं विचारलं. चाललं नाही.

मला वाटतं, हा आपल्या हॉस्टेलमध्ये झालेला सर्वांत नेटका प्रयोग आहे. व्हेरिएबल एकच बदलला, फ्रीक्वेन्सी तीच ठेवली, आणि निष्कर्ष निघाला की ॐ नुसतं व्हायब्रेशन नाही! मग ते काय आहे? हे बघायला पतंजलींकडेच जावं लागतं. आपण रोज त्यांची प्रार्थना म्हणतो, पण त्यांनी काय म्हटलंय ते वाचत नाही. (आपल्या लायब्ररीत योगसूत्रांची मराठी प्रत आहे. माझ्या आधी कार्डावर एकच तारीख होती.)

योगसूत्रं पाठभेदाप्रमाणे १९५ किंवा १९६. त्यातली आसनावर किती? तीन. आणि त्या तिघांत एकाही आसनाचं नाव नाही. म्हणजे ज्याला आपण योग म्हणतो ते हातपाय वळवणं पतंजलींच्या दृष्टीने वहीचा समास आहे. ईश्वर मात्र पहिल्याच पादात येतो. प्रणव, म्हणजे ॐ, हा त्या ईश्वराचा वाचक आहे, त्याचा जप करावा आणि अर्थाचं चिंतन करावं, असं ते सरळ सांगतात. पाच नियमांत ईश्वरप्रणिधान आहे. शेवटचा पाद कैवल्याचा आहे. म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून, कर्माच्या साठ्यातून सुटका. आता हा ईश्वर जग निर्माण करणारा नाही, तो कर्माचा डाग न लागलेला एक विशेष पुरुष आहे, अशी बारीक चर्चा जाणकार करतात, आणि ती मला अर्धीच कळते. पण एवढं तर माझ्यासारखीलाही कळतं की हे कंबरदुखीचं पुस्तक नाही. कर्म, पुनर्जन्म, मुक्ती हे सगळं त्यात गृहीत धरलेलं आहे. माणूस एकदाच जन्मतो असं मानणारी मुलगी त्यापुढे थांबली, तर तिचं मन लहान आहे असं नाही. उलट आपण जे न वाचता म्हणतो ते तिने लक्ष देऊन ऐकलंय.

सूर्यनमस्काराचं तर नावच बोलकं आहे. मित्राय, रवये, सूर्याय, भानवे... प्रत्येक नावाआधी ॐ आणि नंतर नमः. सूर्याला नमस्कार घालायचा आणि वर म्हणायचं की मी सूर्याला नमस्कार घातलाच नाही, पाठीच्या कण्याला ताण दिला! माझ्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणेल, "मग कशाला घातलास?"

या "नुसतं विज्ञान" म्हणण्याचा मला जास्त राग येतो तो इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी म्हणून. सूर्यातून ॐचा आवाज येतो आणि तो नासाने रेकॉर्ड केलाय, असा व्हिडिओ २०२०च्या सुमारास सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला होता. आपल्या हॉस्टेलच्या ग्रुपवरही अजून अधूनमधून येतो. अरे, निर्वात पोकळीतून आवाज येत नाही, हे आपण शाळेत काचेच्या हंडीत घंटी ठेवून बघितलंय ना? श्रद्धेला श्रद्धा म्हणायची लाज वाटली की माणूस असल्या व्हिडिओंच्या आधाराला जातो.

योगाला खरंच प्रयोगशाळेत नेणारा माणूस आपल्याच पुणे जिल्ह्यात होऊन गेला. स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' नावाचं नियतकालिक सुरू केलं. त्यात काय असायचं? क्ष-किरणांची चित्रं, दाबाची मोजमापं. नौली करताना पोटातले स्नायू वळतात तेव्हा मोठ्या आतड्यात दाब किती होतो, हे त्यांनी मॅनोमीटर लावून बघितलं. तो वातावरणाच्या दाबापेक्षा कमी भरला, म्हणजे आत अंशतः व्हॅक्यूम तयार होत होता. त्याला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून 'माधवदास व्हॅक्यूम' असं नाव दिलं. आपण फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये मॅनोमीटरचं रीडिंग शेजारच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतो, आणि शंभर वर्षांपूर्वी एक संन्यस्त वृत्तीचा माणूस पोटातलं प्रेशर मोजत होता!

पण माझा मुद्दा पुढे आहे. कुवलयानंदांनी मोजमाप केलं म्हणून योगाचा धर्माशी संबंध नाही असं म्हटलं नाही. संस्थेचं नावच बघा, कैवल्याचं धाम. जे मोजता येतं ते मोजलं, आणि जे मोजायचं नाही ते जिथल्या तिथे ठेवलं. दाब हा दाब, कैवल्य हे कैवल्य. एकाचं प्रमाणपत्र दुसऱ्याला लावलं नाही. आपल्या हॉलमध्ये हीच सरमिसळ रोज होते.

इथपर्यंत वाचून काही मित्र खूश झाले असतील. "बघ, तूच म्हणतेस, योग आपल्या धर्माचा." थांबा जरा. श्रद्धेत मुळं आहेत म्हणजे सातबाऱ्यावर एकच नाव आहे असं नाही.

आमच्या वालचंदनगरपासूनच सुरू करते. ज्यांच्या नावाने हे गाव वसलं ते वालचंद हिराचंद सोलापूरचे, दिगंबर जैन. पतंजलींचे पाच यम कोणते? अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. आणि जैनांची पाच महाव्रतं कोणती? हीच पाच, याच क्रमाने. एवढंच काय, पतंजली यमांना 'महाव्रत' हाच शब्द लावतात. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी लिहिलेल्या जैन ग्रंथाचं नाव 'योगशास्त्र' आहे. हठयोगाकडे आलो तर आणखी गंमत. त्याच्या सर्वांत जुन्या ग्रंथांत गणला जाणारा 'अमृतसिद्धी' हा साधारण अकराव्या शतकातला ग्रंथ बौद्ध वज्रयान परंपरेत जन्मल्याचं जेम्स मॅलिन्सन या संशोधकाने दाखवलंय. मग नाथपंथ आला. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, आणि त्यांच्याकडून ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वरी १२९०ची. तिच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी कशी जागी होते याचं जे वर्णन आहे, ते वाचताना मला दोनदा शब्दकोश उघडावा लागला. (कॉन्व्हेंटचं मराठी, दुसरं काय!)

आणि भीमेच्या पलीकडे, श्रीगोंद्याला, सतराव्या शतकात शेख महंमद होते. जन्माने मुसलमान, वारकऱ्यांमध्ये संत म्हणून मान. मालोजी राजे भोसल्यांचे ते गुरू होते अशी परंपरा सांगते. त्यांच्या मराठी ओवीबद्ध ग्रंथाचं नाव 'योगसंग्राम'. जीवाची स्वतःच्या विकारांशी चाललेली लढाई असा त्याचा विषय. श्रीगोंदा म्हणजे इंदापूर, बारामतीकडून काही फार लांब नाही, दौंडवरून नदी ओलांडली की झालं. त्याही आधी, सोळाव्या शतकात, ग्वाल्हेरच्या मुहम्मद गौस या सूफींनी योगावरच्या 'अमृतकुंड' या ग्रंथाचं फारसी रूप केलं, 'बहर अल्-हयात'. तानसेनाची कबर ज्यांच्या कबरीजवळ आहे तेच हे. पुढे जहांगीर झालेल्या सलीमसाठी १६००च्या सुमारास अलाहाबादला त्याची सचित्र प्रत तयार झाली. त्यात आसनात बसलेल्या योग्यांची चित्रं आहेत. म्हणजे मुसलमानाने योगाला हात लावायचा की नाही हा वाद २१ जूनमुळे सुरू झालेला नाही, आणि त्याचं एकच उत्तर कधीच नव्हतं.

उलट बाजूही बघा. दरवर्षी तुकोबांची पालखी आमच्या बाजूने जाते. सणसर, मग बेलवाडीचं गोल रिंगण, अंथुर्णे. शाळेत असताना रिंगण बघायला आम्ही काकांच्या जीपमधून कोंबून जायचो. त्या लाखो वारकऱ्यांना विचारा, आसन-प्राणायाम करता का? त्यांच्या परंपरेत तर देवाकडे जायला योगाचे कष्ट नकोत, नाम पुरे. ते काय कमी हिंदू झाले? तेव्हा योग म्हणजे हिंदू आणि हिंदू म्हणजे योग, हे समीकरण दोन्हीकडून जुळत नाही.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आपण रोज जे घालतो ते सूर्यनमस्कार हठप्रदीपिकेत नाहीत. सूर्याची उपासना प्राचीन आहे, पण शाळाशाळांतून ठरावीक क्रमाने घालायचा व्यायाम म्हणून त्यांचा प्रसार केला तो औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात. संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते लावले, पुस्तकं लिहिली. १९३८ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक परदेशातही गेलं. त्यांच्या पद्धतीत बीजमंत्र होते आणि मंत्रोच्चाराने शरीराला फायदा होतो असं ते मनापासून मानत. म्हणजे आपल्या हॉलमधलं "व्हायब्रेशन" बहुधा औंधवरून आलेलं आहे! आपल्याला हे भवानराव आणखी एका कारणाने माहीत असायला हवेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर जागा याच राजाने दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. एकाच राजाने एका हाताने सूर्यनमस्कार दिले आणि दुसऱ्या हाताने नांगराचा कारखाना. पुढे १९३७ साली बी. के. एस. अय्यंगार पुण्यात योग शिकवायला आले. हठप्रदीपिकेत पंधरा आसनं, घेरंडसंहितेत बत्तीस, आणि अय्यंगारांच्या १९६६च्या इंग्रजी पुस्तकात सुमारे दोनशे. हे सगळं वाढत, बदलत आलेलं आहे. म्हणून त्यातला कुठला भाग कुणी घ्यावा आणि कुठला सोडावा, याला जागा आहे. ती कायमच होती.

सोडणारेही अडाणी नाहीत. व्हॅटिकनने १५ ऑक्टोबर १९८९ला ध्यानाच्या पद्धतींवर एक पत्र काढलं होतं. सही कार्डिनल रात्सिंगर यांची, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले. त्यात बंदी नाही. दुसऱ्या धर्मांतलं उपयोगी असेल ते घ्या, पण शरीराला बरं वाटणं म्हणजे देव भेटणं असं समजू नका, असा त्याचा सूर आहे. (हे वाक्य मला तर आपल्या योगशिक्षकांनीही भिंतीवर लावावं असं वाटतं.) मलेशियात २००८ साली तिथल्या राष्ट्रीय फतवा समितीने मंत्रांसह योग मुसलमानांना निषिद्ध ठरवला, आणि काही दिवसांतच तिथल्या पंतप्रधानांना सांगावं लागलं की मंत्र सोडून नुसता व्यायाम करायला हरकत नाही. सौदी अरेबियाने २०१७ साली योगाला खेळ म्हणून मान्यता दिली. आणि लोणावळ्यात, जिथे कैवल्यधाम आहे तिथेच, मुंबईत जन्मलेल्या अँथनी डिमेलो या जेझुइट धर्मगुरूंची साधना इन्स्टिट्यूट होती. श्वासाकडे लक्ष देत बसायला ते पाद्री आणि सिस्टर लोकांना शिकवत. त्यांचं 'साधना' हे पुस्तक १९७८चं. ते १९८७ साली वारले आणि १९९८ साली व्हॅटिकनने त्यांच्या लिखाणाबद्दल सावध राहा असं कळवलं. म्हणजे चर्चच्या आतही यावर एकमत नाही. माझ्या रूममेटची मावशी सिस्टर आहे आणि रोज प्राणायाम करते. रूममेट ॐ म्हणत नाही. दोघी दिवाळीत एकाच घरात राहतात.

अमेरिकेत काय झालं ते मला जास्त विचार करायला लावतं. अलाबामा राज्याने १९९३ साली सरकारी शाळांत योगावर बंदी घातली. ती २०२१ साली उठवली, पण अट काय? आसनांची नावं फक्त इंग्रजीत, मंत्र नाहीत, "नमस्ते" म्हणायचं नाही. कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटासमध्ये पालक कोर्टात गेले. न्यायाधीशांनी २०१३ साली निकाल दिला की योगाची मुळं धार्मिक आहेत, पण या शाळेत जे शिकवतात ते धार्मिक नाही. का? तर शाळेने संस्कृत नावं काढून टाकली होती आणि पद्मासनाला लहान मुलांच्या मांडी घालण्याचं एक बालिश नाव दिलं होतं. खटला जिंकला, पण कशाच्या बदल्यात? वालचंदनगरहून गिअरबॉक्स बाहेर जातो तेव्हा त्यावर मेकरची नेमप्लेट असते. वापरणाऱ्याला त्या प्लेटपुढे उदबत्ती लावावी लागत नाही. पण प्लेट घासून काढली तर तो चोरीचा माल वाटायला लागतो. "नुसतं विज्ञान आहे" म्हणणारे आपले लोक तेच करतायत, फक्त ग्राइंडर आपल्याच हातात आहे.

हे सगळं मी मेसमध्ये बोलले तेव्हा एकाने जोरात विचारलं, "तुला कॉन्व्हेंटमध्ये रोज 'अवर फादर' म्हणायला लावत होते, तेव्हा कुठे गेली होती ही अक्कल?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देते.

हो, आमच्या शाळेत रोज सकाळी असेंब्लीला ती प्रार्थना व्हायची. दहा वर्षं. मला ती आजही पाठ आहे, आणि व्हायव्हाच्या आधी रामरक्षा विसरले तर तीच तोंडात येते. पण पहिलीतच आमच्या सिस्टरने वर्गाला सांगितलं होतं, "ही आमच्या देवाची प्रार्थना आहे. ज्यांना म्हणायची नसेल त्यांनी शांत उभं राहायचं, बोलायचं मात्र नाही." तिने असं नाही सांगितलं की हा इंग्रजी उच्चारांचा सराव आहे. ती आपल्या श्रद्धेबद्दल खरं बोलली, म्हणून मला खोटं वागायची गरज पडली नाही. काही वर्षं मी म्हटली. सातवीत असताना काही महिने गप्प उभी राहिले, कारण आजीशी काहीतरी बोलणं झालं होतं. मग पुन्हा म्हणायला लागले, चाल आवडायची म्हणून. कुणी विचारलं नाही, कुठे मांडणी झाली नाही. सगळ्या कॉन्व्हेंटमध्ये असंच असतं असा माझा दावा नाही. नसेल तिथे तेही चूकच. पण मला जे मिळालं ते माझ्या रूममेटला का मिळू नये? आणि तेही अशा कॉलेजात, जिथे सगळे मतदान करण्याच्या वयाचे आहेत?

कायद्याचंही बघून घेतलं. राज्यघटनेचं कलम २८, पोटकलम ३. राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या पैशातून मदत मिळणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते, आपण सज्ञान आहोत, आपली स्वतःची. तेव्हा योगवर्गाची हजेरी घ्यायची असेल तर ॐ आणि मंत्र बाहेर काढावे लागतील, म्हणजे अलाबामा. आणि ॐ ठेवायचा असेल तर तो ऐच्छिक ठेवावा लागेल. दिल्लीतही हेच झालं. २०१५च्या पहिल्या योग दिनाला मुस्लिम संघटनांनी हरकत घेतल्यावर कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळले गेले. पुढच्या वर्षी ॐवरून वाद झाला तेव्हा आयुष मंत्रालयाने तो म्हणणं सक्तीचं नाही असं स्पष्ट केलं. शाळांत योग सक्तीचा करा अशी मागणी २०१७ साली सुप्रीम कोर्टात गेली, तीही कोर्टाने फेटाळली. जे देशात सक्तीचं नाही ते आपल्या हॉस्टेलच्या हॉलमध्ये कसं काय?

"ऐच्छिक केलं तर चार जणी येतील," असं रेक्टर मॅडम म्हणतात. मॅडम, आदर ठेवून सांगते, येऊ देत चार. आत्ता ऐंशी जणी येतात, त्यातल्या साठ शवासनात खरोखर झोपतात. एकीच्या घोरण्यावरून मागच्या सेमिस्टरला सबंध वर्ग हसला होता. पतंजलींना यातलं काय पोचत असेल?

मला ॐ काढून टाकायला नको आहे. मला तो आवडतो. पहाटे हॉलच्या पत्र्याखाली चाळीस-पन्नास आवाज एकत्र लागले की अंगावर काटा येतो, आणि तो काटा विज्ञानाने येत नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच तो कुणाच्या तोंडून ओढून काढलेला ऐकवत नाही.

मी एक अर्ज लिहिलाय. त्यात मागण्या तीनच. सुरुवातीला सांगावं की ही प्रार्थना आहे आणि ज्यांना म्हणायची नसेल त्यांनी शांत बसावं. योगवर्गाचा टर्मवर्कशी काही संबंध नाही हे नोटीस बोर्डावर लेखी लावावं. आणि ज्यांना योग नकोच त्यांना त्या वेळात ग्राउंडवर पळायची किंवा जिमची मोकळीक द्यावी. अर्ज लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये पाण्याच्या कूलरशेजारच्या टेबलावर आहे. बॉइज हॉस्टेलची वेगळी प्रत जी. एस.कडे दिलीय. माझ्या रूममेटने अजून सही केलेली नाही. ती म्हणते, तिचं नाव सगळ्यात वर दिसलं तर हा अर्ज "त्यांचा" ठरेल. तेव्हा ज्या मुली रोज येतात, मनापासून ॐ म्हणतात, त्यांच्या सह्या आधी हव्यात. आत्तापर्यंत अकरा झाल्यात. पेन दोऱ्याने बांधलेलं आहे, कृपया रूमवर नेऊ नये.